साहित्याचा दुसरा अर्थ : दारे, खिडक्या आणि जंगल

मराठीत 'साहित्य' या शब्दाला दोन अर्थ आहेत, ही गोष्ट आम्ही साहित्य शिकवणारी माणसे सहसा विसरून जातो. घर बांधणाऱ्याच्या तोंडी हा शब्द येतो तेव्हा त्याला लाकूड, वीट, चुना, खिळे, बिजागऱ्या अभिप्रेत असतात. प्रस्तुत लेखात आम्हांला या दुसऱ्या अर्थाच्या साहित्याविषयी, त्यातही दारे-खिडक्यांच्या साहित्याविषयी, काही लिहावयाचे आहे. सागवान की अॅल्युमिनियम, यूपीव्हीसी की बांबू, असा प्रश्न आज घर किंवा संस्थेची इमारत बांधणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. 'पर्यावरणपूरक' हे विशेषण या सर्वच पदार्थांच्या जाहिरातींत आढळते. या प्रश्नाचे उत्तर पदार्थांच्या यादीत सापडत नाही, ते त्या पदार्थांच्या इतिहासात शोधावे लागते, असे आमचे मत आहे. हा इतिहास मराठी वाचकाला बराचसा परिचित आहे. मात्र तो दाराच्या बाजूने वाचण्याची सवय आपल्याला नाही.

प्रारंभ कार्ल्यापासून करता येईल. कार्ल्याच्या चैत्यगृहातील प्राकृत शिलालेखांपैकी एकात, धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वेणुवासपुत्राने 'घरमुख' म्हणजे दाराचा भाग केल्याची नोंद आहे. हा सामी 'वढकि' होता, म्हणजे सुतार. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास दगडातील दार एका सुताराने केले आणि त्यावर आपले नाव कोरविले, ही घटना आम्हांला फार बोलकी वाटते. आपल्याकडील दाराची कल्पना मुळात लाकडाची आहे. दगडाने तिचे अनुकरण केले. चैत्यगृहाच्या कमानदार छताला आतून लावलेल्या सागवानी फासळ्या आजही जागेवर आहेत. सुमारे दोन हजार वर्षे टिकलेले हे लाकूड पाहिले म्हणजे 'टिकाऊपणा' या गुणाचा अर्थ नव्याने कळतो. पर्यावरणाच्या चर्चेत हा गुण अनेकदा मागे पडतो, म्हणून त्याची नोंद आरंभीच केलेली बरी.

शब्दांनीही हा इतिहास जपून ठेवला आहे. संस्कृतात 'उदुंबर' हा शब्द उंबराच्या झाडालाही आहे आणि दाराच्या उंबऱ्यालाही आहे. 'कवाड' कपाटापासून आले. 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट. 'तावदान' फारसीतून आले आणि त्याच्या मुळाशी उजेड आहे. गोव्यात खिडकीला 'जनेल' म्हणतात ते पोर्तुगिजांमुळे. धाब्याच्या घराच्या छतातील 'साणे' हे उजेड आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे भोक, म्हणजे कोणत्याही साहित्याविना झालेली खिडकीच. आणि 'ताटी' तर मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावयासच नको. मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांचे आध्यात्मिक निरूपण आपण वर्गात करतो, पण ती ताटी म्हणजे कुडाच्या झोपडीचे बांबू-कामट्यांनी विणलेले दार, हा भौतिक तपशील बहुधा एका वाक्यात संपतो. ज्ञानेश्वरांनी स्वतःला ज्या दारामागे कोंडून घेतले ते दार कुणीही सुतार न लावता उचलून दूर करता येण्याजोगे होते, ही गोष्ट त्या अभंगांच्या आशयालाही अगदीच अप्रस्तुत नाही.

म्हणजे या भूमीत दाराच्या दोन परंपरा समांतर चालत आल्या. एक ताटीची : झटपट वाढणाऱ्या, जवळ मिळणाऱ्या, दोन-चार वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या साहित्याची. दुसरी सागवानाची : सावकाश वाढणाऱ्या, दुरून आणाव्या लागणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या साहित्याची. पहिली गरिबांची आणि दुसरी श्रीमंतांची, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. आज जुन्या वाड्यांच्या आठवणी काढताना 'पूर्वी घरे कशी निसर्गाशी सुसंवादी होती' असे जे उद्गार निघतात, त्यांत 'पूर्वी' कोणाची घरे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

पुण्याच्या शनिवारवाड्याचेच उदाहरण घेऊ. १७३० ते १७३२ या काळात बांधल्या गेलेल्या या वाड्यासाठी सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला, असे सांगितले जाते. आजच्या भाषेत हे 'स्थानिक साहित्य' म्हणता येईल, कारण यातले काहीच फार दुरून आलेले नाही. १८२८ साली लागलेल्या आगीत आतील लाकडी इमारती नष्ट झाल्या. राहिला तो तट, जोती आणि अणकुचीदार खिळे मारलेला दिल्ली दरवाजा. ज्या वाड्याच्या रक्षणासाठी तो दरवाजा केला तो वाडा गेला आणि दरवाजा मागे उरला. परंतु जुन्नरच्या रानाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची पद्धत आपल्या इतिहासलेखनात नव्हती. वाड्याचा इतिहास लिहिला गेला, पण त्याला लाकूड पुरविणाऱ्या रानाचा इतिहास लिहिला गेला नाही.

तरीही त्या काळात या प्रश्नाचा विचार झालाच नव्हता असे म्हणता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'ची साक्ष येथे महत्त्वाची आहे. कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीच्या कारकिर्दीत, १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी गद्याचा नमुना म्हणून आपण शिकवितो आणि राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याची वाखाणणी करतो. त्यातील आरमाराच्या प्रकरणात लाकडासंबंधी जो मजकूर आहे तो दारांसाठी नाही, जहाजांसाठी आहे. परंतु लाकूड कसे निवडावे याचा त्याहून सुस्पष्ट विचार आम्हांला जुन्या मराठी गद्यात अन्यत्र आढळलेला नाही.

त्या मजकुराचा आशय असा. राज्यातील रानात जे सागवान आहे त्यातले सोयीचे तेवढे, वर कळवून आणि परवानगीने तोडावे. त्यापलीकडे जे लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही उपयोगी असते, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती आपल्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पारावार उरत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाची समजूत घालून, त्याला मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये.

या मजकुरात लाकडाच्या जातीइतकेच महत्त्व झाड कोणी वाढविले, किती वर्षांत वाढले आणि त्याच्या मालकाची संमती आहे की नाही या गोष्टींना दिलेले आहे. सागवान चांगले आणि आंबा वाईट, किंवा याच्या उलट, असा निवाडा तेथे नाही. त्याच वेळी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. 'परमुलखातून विकत आणावे' या सोयीच्या वाटेने आपल्या रानावरचा भार दुसऱ्याच्या रानावर जातो. त्या दुसऱ्या रानाच्या रयतेचा विचार अमात्यांनी केलेला नाही. या वाटेची पुनरावृत्ती आपल्या काळातही झालेली आहे, तिच्याकडे पुढे वळू.

इंग्रजी अमलात सागवानाचा हिशेब पालटला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली जात. तेथे १८१७ साली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. ओकच्या टंचाईने त्रासलेल्या आरमारी सत्तेला सागवान हवे होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढत गेली. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी रानांच्या मोठ्या भागावर सरकारची मालकी प्रस्थापित केली. संरक्षण हा या कायद्यांचा एक हेतू होता, हे नाकारता येणार नाही. पण ज्यांच्यापासून रानाचे संरक्षण करावयाचे ते लोक म्हणजे रानालगतचे शेतकरी, गुराखी आणि आदिवासी, असे गृहीत धरले गेले. जहाजे आणि रेल्वे त्या यादीत नव्हत्या.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर जी टीका केली ती या संदर्भात वाचावी. ज्या डोंगर-माळांवर शेतकऱ्याची गुरे चरत, जेथून त्याला लाकूडफाटा मिळे, ती जागा त्याला बंद झाली, हे त्यांचे गाऱ्हाणे आहे. त्याचा अर्थ घराच्या भाषेत केला तर असा होतो की, ताटीच्या कामट्या आणि चौकटीचे लाकूड या दोहोंवरचा गावकऱ्याचा हक्क संपला. १९३० च्या जंगल सत्याग्रहांत हाच असंतोष बाहेर पडला. कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला. स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासात त्याची नोंद आहे, पण दारे-खिडक्यांच्या इतिहासात तिला जागा देण्याचे आपल्याला कधी सुचत नाही.

लाकडाला पर्याय शोधण्याची प्रक्रियाही तशी जुनी आहे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत. 'प्लाकुना प्लासेंटा' या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या चपट्या, जवळजवळ पारदर्शक शिंपल्याचे चौकोनी तुकडे कापून लाकडी पट्ट्यांत बसविले जात. ऊन गाळून येणारा मऊ प्रकाश हा या तावदानांचा विशेष होय. आजच्या कोणत्याही कसोटीने पाहिले तर हे आदर्श साहित्य ठरावे, कारण ते स्थानिक आहे, नैसर्गिक आहे आणि त्यासाठी भट्टीची गरज नाही. तरीही आज कोणी नव्या घरासाठी असा आग्रह धरला तर तो योग्य ठरणार नाही. हा शिंपला आता विरळ झाला आहे, झुआरी नदीच्या मुखाजवळील चिखलीचा उपसागर हे त्याच्या उरलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत त्याचा समावेश झालेला आहे. 'नैसर्गिक' आणि 'पर्यावरणपूरक' हे शब्द समानार्थी नाहीत, हा धडा या तावदानांनी दिला आहे.

विसाव्या शतकात लोखंड, सिमेंट आणि त्यानंतर अॅल्युमिनियम आले. मरीन ड्राइव्हच्या परिसरातील १९३०-४० च्या दशकांतील इमारतींनी काँक्रीटची सौंदर्यदृष्टी रुजविली. २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या इमारतींना स्थान मिळाले. परंतु लाकूड खऱ्या अर्थाने पदच्युत झाले ते शतकाच्या अखेरीस. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने लाकडाला पर्याय वापरण्यावर भर दिला. १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यास बंदी घातली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने देशभरच्या वृक्षतोडीवर कडक निर्बंध आले.

या निर्णयांमागची कळकळ खरी होती आणि जंगलांना त्यांचा लाभही झाला, असे आम्ही मानतो. पण त्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लाकडाची हौस कमी झाली नाही, लाकूड आयात होऊ लागले. ब्रह्मदेशचे सागवान आपल्या वखारींत पूर्वीही येत होतेच, त्यात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील सागवानाची भर पडली. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने अखंड ओंडक्यांची निर्यात थांबविली, तेव्हा तेथील रानांवर काय बेतले होते याची कल्पना यावी. अमात्यांनी सुचविलेली परमुलखाची वाट ती हीच.

सरकारी इमारतींत लाकडाच्या जागी जे आले त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. अॅल्युमिनियमला वाळवी लागत नाही, ते फुगत नाही, हलके असते आणि पुन्हा वितळवून वापरता येते. हे गुण मोठे आहेत. पण एक किलो नवे अॅल्युमिनियम वितळभट्टीतून काढण्यास सुमारे १३ ते १५ युनिट वीज लागते. भंगारातून तेच मिळविण्यास त्याच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा पुरते. त्याचे मूळ जे बॉक्साइट, ते कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि शाहूवाडीकडील डोंगरमाथ्यांवर सापडते. ज्याला आपण 'सडा' म्हणतो तो हा जांभ्याचा माथा. पावसाळ्यात तेथे काही आठवडे फुलणाऱ्या वनस्पतींपैकी कित्येक अन्यत्र आढळत नाहीत. झाड तोडले तर खोड दिसते आणि जीव हळहळतो. सडा खरवडला तर आपल्याला काहीच दिसत नाही, कारण त्यावर झाड नव्हतेच. खिडकीतून लाकूड गेले म्हणजे जंगल वाचले, असे म्हणताना हा सडा हिशेबातून गळतो.

यूपीव्हीसीचेही असेच आहे. त्याच्या खिडक्या उष्णता कमी पोहोचवितात, त्यांना रंग लागत नाही, त्या घट्ट बसतात. पण पीव्हीसीच्या वजनापैकी अर्ध्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असते. त्यामुळे ते उघड्यावर जाळले तर विषारी वायू निघतात आणि पुरले तर कुजत नाही. आयुष्य संपल्यावर ते परत कोण घेणार, हा प्रश्न त्याच्या खरेदीच्या वेळीच विचारावयास हवा. याउलट वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. म्हणजे एक किलो लाकूड हवेतील सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइडमधील कार्बन आपल्यात धरून ठेवते. ते दार म्हणून जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे तो कार्बन हवेबाहेर राहतो, मात्र तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढत असले पाहिजे. २०२० साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने सत्तावीस वर्षांपूर्वीची बंदी उठविली. एकाच खात्याने एकाच पदार्थाविषयी पर्यावरणासाठी म्हणून आधी बंदी घातली आणि नंतर ती उठविली, याला कोणी विसंगती म्हणेल. आम्हांला ती विसंगती वाटत नाही. मधल्या काळात प्रश्न बदलला होता. आधी विचारले जात होते, 'हे लाकूड आहे का?' आता विचारावे लागते, 'हे लाकूड कोठले आहे?'

तर मग निवड कशी करावी? इतिहासाच्या आधारे काही गोष्टी सांगता येतात. पहिली अशी की, सर्वांत कमी हानीचे दार म्हणजे जे आधीच तयार आहे ते. वाडे पडतात, जुन्या शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींचे नूतनीकरण होते, तेव्हा शंभर वर्षे मुरलेल्या सागवानाच्या चौकटी, झडपा, गजांसह खिडक्या उतरवून विकल्या जातात आणि जागी नव्या चकचकीत चौकटी येतात. ज्या झाडाने वाढावयास साठ-सत्तर वर्षे घेतली, त्याचे लाकूड बिजागरी गंजली म्हणून काढून टाकणे याला सुधारणा म्हणता येणार नाही. बिजागरी बदलावी, रंधा मारावा, कुजलेली फळी तेवढी काढून नवी सांधावी. लाकडी चौकट ही दुरुस्त करता येते, हा तिचा फार मोठा गुण आहे.

दुसरी गोष्ट आकाराची. १९१७ ते २००७ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या आणि केरळात आयुष्याचा बराच काळ व्यतीत केलेल्या लॉरी बेकर या वास्तुरचनाकाराने दाखवून दिले की, प्रत्येक ठिकाणी खिडकीच हवी असे नाही. जेथे वारा आणि मंद उजेड एवढेच हवे तेथे विटांची जाळी पुरते, आणि दाराला प्रत्येक वेळी चौकट लागतेच असेही नाही. साण्याने आणि झरोक्याने भागविणाऱ्या पूर्वजांना हे नवे वाटले नसते. कोणते साहित्य वापरावे याआधी किती वापरावे हा प्रश्न येतो.

तिसरी गोष्ट ताटीची. १९२७ च्या वनकायद्याने बांबूला झाडांत गणले होते. गवताच्या कुळातील या वनस्पतीला वनाबाहेरच्या जमिनीपुरते त्या व्याख्येतून मुक्त करण्यासाठी २०१७ उजाडावे लागले. त्याआधी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळविला होता. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. फुल्यांनी मांडलेल्या गाऱ्हाण्याचे, सव्वाशे वर्षांनी का होईना, एका गावापुरते निवारण झाले. बांबू तीन ते पाच वर्षांत तोडणीस येतो. त्याला किडीपासून वाचविण्यासाठी बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया करावी लागते. त्याच्या चट्यांपासून दाबून केलेले तक्ते दारांना चालतात. भर पावसाच्या झोडीत उघड्यावरच्या दाराला तो सागवानाची बरोबरी करणार नाही. पण आतल्या खोल्यांची, कपाटांची दारे सागवानाचीच कशाला हवीत? रबराचा चीक देऊन निवृत्त झालेल्या झाडांचे प्रक्रिया केलेले लाकूड किंवा म्हातारा झालेला आंबा तेथे पुरेसा आहे. शेवटच्या सूचनेत नवे काही नाही, ती अमात्यांचीच आहे.

या सर्वांवर एक आक्षेप घेता येईल. सामान्य माणूस घर घेतो तेव्हा चौकट कसली बसवावी हे त्याला कोणी विचारतच नाही, तो निर्णय बांधणाऱ्याने आधीच घेतलेला असतो. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्या ग्राहकाच्या सदसद्विवेकावर सोडून भागणार नाही. शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये, नगरपालिका या दारे-खिडक्या शेकड्यांनी घेतात. त्यांच्या निविदांमध्ये साहित्याच्या नावापुढे त्याचे मूळ, दुरुस्तीची सोय आणि अखेरची विल्हेवाट यांविषयी एकेक ओळ असावी, एवढी मागणी आपण करू शकतो. अशा समित्यांवर आपल्यापैकी अनेकजण बसतात आणि बहुधा 'हा आपला विषय नव्हे' म्हणून गप्प राहतात.

वास्तविक हा आपला विषय आहे. आज्ञापत्र, असूड, ताटीचे अभंग हे ग्रंथ आपणच शिकवितो. या तिन्हींत झाड, रान आणि दार यांचा विचार कोठे उघडपणे तर कोठे अस्फुटपणे आलेला आहे, आणि तो वाचून दाखविणे अन्य कोणा तज्ज्ञाचे काम नाही. धेनुकाकटच्या सामीचे नाव निदान दगडावर राहिले. आपल्या वर्गाच्या खिडकीचे लाकूड कोणत्या रानातले आणि ते कोणाच्या हातचे, हे आज आपल्यातल्या कोणालाही सांगता येत नाही. पुढची खिडकी घेताना एवढी चौकशी करता आली, तर साहित्याचे दोन्ही अर्थ आपल्याला कळले असे म्हणता येईल.